चार बोटांची फट

मी पहाटे साडेचारला उठते. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते हे मला ठाऊक आहे, पण खरं ते सांगायला लाज कसली? उठल्यावर कोमट पाणी, मग वहीत दिवसभराच्या कामांची यादी, मग सहाच्या ठोक्याला आमच्या काजू युनिटचं दार उघडायचं. अकरा वर्षांत माझ्याआधी तिथं कुणी पोचलेलं नाही आणि माझ्यानंतर कुणी निघालेलं नाही. मोबाईलवर यशस्वी माणसांच्या सवयी सांगणारे व्हिडिओ येतात ना, ते मी दाजींना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मुद्दाम दाखवते. “बगा, ह्यो सगळ्यो सवयी माज्यात आसत.” दाजी एसटीत कंडक्टर होते. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, “आसत गो. फक्त गाडी थांबवची सवय तेवडी नाय.”

बांद्यापासून सात किलोमीटर आत आमचं गाव. युनिटमध्ये चौदा बायका आहेत. काजू बी वाफवायची, कटरवर फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवायचा, सोलायचा, निवडायचा आणि डब्यात भरायचा. सगळ्या मला अक्का म्हणतात. साठी उलटलेल्या आनंदीबाईसुद्धा अक्काच म्हणतात, आणि मला ते आवडतं.

आमच्याकडे कामाला हात घालण्याआधी गाऱ्हाणं घालतात. एकाने देवाला मोठ्यानं साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. देवळात तो मान पुरुषांचा. युनिटमध्ये मानकरी मीच. रोज सकाळी बॉयलर पेटवण्याआधी मी हात जोडून सुरू करते. “बा देवा म्हाराजा, आज कोनाच्या हाताक इजा होव नये.” व्हय म्हाराजा! “माल जळा नये, सडा नये.” व्हय म्हाराजा! मग पहिल्याच वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की यात दिवसभराचे हुकूमही बसतात. हल्ली शेवटी असतं, “आनी दिव्यान कटरार बसान मोबाईल बगू नये.” व्हय म्हाराजा! एकदा देवासमोर हो म्हटलं की मागाहून कटकट नाही, चर्चा नाही. मला ही युक्ती फार पसंत पडली.

तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आंबोलीला महिला उद्योगांच्या प्रमुखांसाठी पंधरा दिवसांचं निवासी प्रशिक्षण होतं. अख्ख्या जिल्ह्यातून बारा जणी निवडल्या होत्या आणि त्यात मी होते. त्या बाराजणींतूनच पुढे जिल्ह्याच्या संघाची अध्यक्ष निवडायची होती. मी बारावी नापास बाई. मला आजवर कुणी कसलं प्रशिक्षण दिलं नाही, जे शिकले ते चटके खाऊन शिकले. मला तिथं जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी बॅग आठ दिवस आधी भरली होती. फक्त फॉर्ममधली एक ओळ रिकामी होती: ‘आपल्या गैरहजेरीत उद्योगाची संपूर्ण जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचे नाव व सही’. फॉर्म मी सांगतेय त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सावंतवाडीच्या कार्यालयात द्यायचा होता.

कुणाचं नाव लिहू? आदल्या रात्री यादी करून बघितली. आनंदीबाई मायाळू, पण हो म्हणण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. समीक्षा हुशार, पण घाबरट. दिव्या पोरसवदा. प्राजक्ता ड्रायर सांभाळते, हात चांगला आहे, पण चार वर्षांत तिच्या तोंडून चार शब्द ऐकलेले नाहीत. जी बोलत नाही ती माणसं काय सांभाळणार? चौदाही नावांवर मी काट मारली. माझ्याशिवाय इथलं पानही हलत नाही याचा मला अभिमान होता, आणि तोच आता गळ्याशी आला होता.

साडेबाराला मी बीचा साठा बघायला गोदामात शिरले. गोदामाचं शटर वर टिकत नाही, म्हणून त्याला बांबूचा टेकू लावलेला असतो. दुरुस्त करून घेऊया असं समीक्षा होळीपासून म्हणत होती आणि सीझन संपल्यावर बघू असं मी म्हणत होते. एक पोतं ओढायला मी वाकले, माझ्याच ढोपराचा धक्का बांबूला लागला आणि शटर धाडकन खाली आलं. एका बाजूने खाचेतून निसटून ते तिरकं अडकलं. खाली चार बोटांची फट राहिली, बाकी सगळा अंधार झाला.

बाहेर पळापळ झाली. बाराजणींनी मिळून शटर उचलून बघितलं, ते केसभरही हललं नाही. बांद्याचा वेल्डर मितेश पेडण्याला कामावर होता. फोनवर म्हणाला, हातातलं टाकून येतो, पण तीन तरी वाजतील. पत्र्याचं गोदाम, एप्रिलचं ऊन आणि कच्च्या काजूचा नाकात बसणारा वास. समीक्षाने फटीतून पाण्याची बाटली सरकवली आणि वारा घालायला पुठ्ठा दिला. मी पोत्यावर बसले. घाबरले नव्हते, चिडले होते. कुणावर चिडायचं तेही कळत नव्हतं, कारण आपलेच दात नि आपलेच ओठ.

“कामाक लागा!” मी फटीला तोंड लावून ओरडले. “मी हयसून सांगतंय.”

आणि खरंच मी जमिनीवर आडवी होऊन, गाल लादीला टेकवून युनिट चालवायला लागले. फटीतून मला फक्त पावलं दिसत होती. पावलांवरून मी माणसं ओळखत होते आणि ओरडत होते. दिव्या, जागेवर बस. आनंदीबाई, बॉयलरचं पाणी बघा. पावलं हलत होती आणि “व्हय अक्का” ऐकू येत होतं.

मग ड्रायरची वेळ झाली. सकाळी लावलेल्या ट्रे काढायची वेळ मी ठरवते. गर लवकर काढला तर साल सुटत नाही, उशीर झाला तर तो पिवळा पडतो आणि वास बिघडतो. एरवी मी जाऊन गर अंगठ्याने चोळून बघते. आता मी काय बघणार?

“प्राजक्ता, रंग कसो दिसता?”

जोडवी घातलेली दोन पावलं फटीपाशी आली. “तुमी सांगश्यात तसो.”

“अगो, मी आत आसंय! माका दिसता काय? तुका काय दिसता ता सांग.”

“तुमका म्हायत आसा अक्का.”

“आनंदीबाई, तुमी सांगा. काढूचे काय?”

“तुमी म्हणश्यात तेवा काढू, अक्का.”

मी समीक्षाला विचारलं, कटरवरच्या बाबलीला विचारलं. प्रत्येकीने मला माझाच प्रश्न परत केला. चौदा जणींच्या अठ्ठावीस डोळ्यांसमोर ट्रे होत्या आणि एकही सांगायला तयार नव्हती की तिला काय दिसतंय. मला तेव्हा पहिल्यांदा त्या अंधारात गुदमरल्यासारखं झालं. दार उघडं असतं तरीही हीच उत्तरं मिळाली असती, हा विचार मनात आला आणि मी तो झटकला. पदरानं घाम पुसला आणि म्हटलं, “एक गर आत दी.”

फटीतून दोन बोटं आली. गर गरम होता. अंगठ्याने चोळला तर साल अलगद सुटली. पण माझ्या जिभेला एक वळण आहे. कुणी काही दाखवलं की लगेच बरोबर म्हणायचं नाही, थोडं तरी बदलायचं, नाहीतर आपण बघून उपयोग काय? मी म्हटलं, “अजून धा मिनटा ठेव.”

“व्हय अक्का.”

दहा मिनिटांनी मी दुसरा मागितला. तो हातात घेतला आणि मी बघतच राहिले, म्हणजे अंधारात जेवढं बघता येतं तेवढं. गर गार होता. ड्रायरमधून आत्ता काढलेला गर तळव्याला चटका देतो. हा कधीचा निवून बसला होता. साल सुटत होती, दाताखाली कुरकुरीत लागत होता, माल उत्तम होता. पण हा ड्रायरमधून आलेला नव्हता.

“प्राजक्ता, ह्यो गर खंयचो?”

मी पुन्हा विचारलं. शेवटी दिव्याच तोंडातून निसटल्यासारखं बोलली. ती नवीन, तिला अजून गप्प बसणं नीट जमत नाही. “अक्का, ट्रे कदीच भायर काढल्यो. तुमी धा मिनटा सांगलात तेवाच.”

“कोनाक विचारून?” माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. “मी धा मिनटा सांगलंय ना?”

पावलं एक एक करून मागे सरली. फक्त जोडवीवाली दोन तिथंच राहिली. प्राजक्ताचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. “अक्का, धा मिनटा ठेवलेले तर जळले असते.”

“आजच काढलास काय रोज?”

“रोज.”

मी पोत्याला टेकले. तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण त्यात माझं कौतुक काहीच नाही. रोज मी ट्रेपाशी येते, गर चोळते, अजून दहा मिनिटं किंवा पंधरा मिनिटं म्हणते आणि ऑफिसात जाते. मी वळले की प्राजक्ता ट्रे काढते, कारण तेव्हाच ती वेळ झालेली असते. पुन्हा मी येईपर्यंत एक ट्रे ड्रायरच्या दाराशी ठेवतात. मी येते, बघते आणि म्हणते, “आता बरोबर झालो.” चार वर्षं हेच चाललं होतं. ड्रायरचंच नाही. निवडलेल्या मालाचं, डबे भरण्याचं, कुणी कुठं बसायचं याचं, सगळ्याचं तसंच. मी युनिट चालवत होते आणि त्या मला चालवत होत्या.

“मगे माका सांगलास कित्याक नाय?”

“सांगलेलंय,” प्राजक्ता म्हणाली. “एकदा.”

आणि मग मला आठवलं. चार वर्षांपूर्वी ड्रायरमधला एक अख्खा घाणा जळला होता. मी ड्रायरच्या तापमानाच्या काट्याला दोष दिला, तो बसवणाऱ्या मेकॅनिकला फोनवर वाट्टेल ते बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी गाऱ्हाण्यात मी वाढवलं होतं, “ड्रायरातलो गर माज्या हाताक लागल्याबिगर भायर येवचो नाय.” तेरा जणी व्हय म्हाराजा म्हणाल्या आणि एक आवाज म्हणाला होता, “नाय. काल अक्कानीच उशीर केल्यानी.” मी हात जोडलेले तसेच ठेवून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “देवासमोर नाय म्हणतंस? तुज्या घरात ह्याच शिकयलानी?” प्राजक्ताची आई त्याच महिन्यात वारली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं. रागाच्या भरात उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यानंतर ती बोलली नाही आणि मी मनात नोंद केली की पोरगी कामाची आहे, पण बोलत नाही.

“आनी देवाक काय सांगतास?” मी विचारलं. “सकाळी व्हय म्हाराजा म्हणतास, मगे उरफाटा करतास!”

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. आनंदीबाई पुढे आल्या, त्यांच्या पायाला भेगा आहेत म्हणून ओळखू आल्या. “तसा नाय अक्का. तुमी ऑफिसात गेलात काय आमी मागसून दुसरा गाऱ्हाणा घालतव.”

“दुसरा?”

“व्हय. बा देवा म्हाराजा, अक्कान सांगल्यान ता काळजीन सांगल्यान, ता मनार घेव नको. आमका वेळार काडूची बुद्धी दी.”

“व्हय म्हाराजा,” बाहेर दोघीतिघी सवयीनं म्हणाल्या आणि जीभ चावून गप्प झाल्या.

मला रडू आलं. रागाचं होतं की लाजेचं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. अकरा वर्षं रोज सकाळी मी देवाशी बोलत होते आणि त्यातली चार वर्षं माझ्या पाठीमागे ह्या बायका देवाकडे माझी माफी मागत होत्या. बाहेर पडून कुठंतरी तोंड लपवावं असं वाटलं, पण बाहेर पडायची सोय नव्हती.

मग मी कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. पॅकिंग खोली, कपाट, ऑफिस, सगळ्याच्या चाव्या त्यात आहेत. तो आजवर मी आंघोळीपुरताच उतरवलेला आहे. फटीतून तो बाहेर सरकवला. “प्राजक्ता, तीन वाजता शिवाचो टेम्पो येतलो. माल तूच चढव. मी एक शब्द बोलाचंय नाय.”

जुडगा थोडा वेळ तिथंच पडून होता. मग तिनं उचलला.

शिवाचा टेम्पो कोल्हापूरला जातो, वाटेत आंबोलीच्या दुकानांचा माल टाकतो. टेम्पो लागला, पॅकिंग खोलीचं दार वाजलं, खोके यायला लागले. मी पदराचा बोळा तोंडात धरला होता. खरंच धरला होता. फटीतून मला टेम्पोचं मागचं चाक आणि खाली ठेवलेले खोके दिसत होते. निळी पट्टी म्हणजे अख्खा काजू, लाल पट्टी म्हणजे पाकळी, फुटून दोन भाग झालेला काजू. प्राजक्ता लाल आधी आत टाकत होती. पाकळी नाजूक, वरून ओझं आलं की तिचा चुरा होतो. हे तिला कळत नाही? मी बोळा आणखी घट्ट चावला. दुसरा लाल खोका गेला. तिसरा गेला. तोंडातून बोळा कधी पडला मला कळलंच नाही.

“अगो बाये, पाकळी खाली नको! अक्कल खंय ठेवलंस?”

सगळी पावलं जागच्या जागी थांबली. शिवानेसुद्धा खोका धरलेला तसाच धरून ठेवला असावा. प्राजक्ता फटीपाशी आली. “अक्का, निळे आंबोलीक उतरूचे आसत. ते आदी उतारतले म्हणान दारात ठेवतलंय. पाकळी कोल्हापूरची, ती आत. तिच्यार भार नाय, बाजूक फळी लावलीहा.”

फळी मला फटीतून दिसत नव्हती.

माझं चुकलं हे मला ताबडतोब कळलं. ते बोलायला मात्र तोंड उघडेना. तेवढ्यात जुडगा फटीतून आत आला. रागानं फेकलेला नव्हता, नीट सरकवलेला होता. माझ्या पायाशी येऊन थांबला. त्याहून एखादी थोबाडीत बरी.

जेमतेम पाच-सहा मिनिटं मी गप्प राहू शकले होते. त्यात पंधरा दिवसांच्या गोष्टी करत होते. माल चढला, टेम्पो गेला. शेवटी मी शटरला डोकं टेकवून म्हटलं, “प्राजक्ता, माजा चुकला. आज आनी तेवाय. तुज्या आवशीचा नाव न घेता मी तिका बोललंय, ता तर लयच चुकला.” हे मी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, कारण तेव्हाही सगळ्यांसमोरच बोलले होते. जोडवीवाली दोन पावलं तिथंच उभी राहिली, मग गेली.

मितेश पावणेचारला आला. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या, चार जणींनी शटर उचललं आणि उजेड एकदम डोळ्यांत घुसला. मी केसांत धूळ नि साडीला काजूच्या बीचे डाग घेऊन बाहेर आले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. स्कूटरने सावंतवाडी अर्ध्या तासात. वेळ होती.

मी ऑफिसातून फॉर्म आणला. प्राजक्ता सोलायच्या टेबलावर होती. मी तिच्यासमोर फॉर्म ठेवला आणि पेन पुढे केलं. “हयसर तुजा नाव घालतंय. सही कर.”

तिनं फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पेन मला परत दिलं.

“नाय अक्का.”

“काम तर तूच करतंस! तुका जमता.”

“काम जमता. पंधरा दिस मी करीन, तेचा काय नाय. तुमी इलात काय सोळाव्या दिसाक परत पयल्यासारख्याच होतला. मगे माका त्या पंधरा दिसांचीच सय येत रवतली.” तिनं समोरचा एक गर सोलून बाजूला टाकला. “आनी तुमी आंबोलीसून दिसाक धा वेळा फोन करश्यात. आज शटराच्या आतसूनय तुमका गप ऱ्हवाक जमला नाय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. चार वर्षांनी ती माझ्याशी इतकी वाक्यं बोलली होती, आणि त्यातलं एकही खोडून काढण्यासारखं नव्हतं.

आनंदीबाई शेजारीच होत्या. त्यांनी हात पुसत पेन मागितलं. “अक्का, वेळ जाता. हडे हाडा, मी करतंय सही. खंय करूची?”

मी पेन त्यांच्या हातात दिलं. हो, दिलं. खोटं कशाला सांगू? आंबोली डोळ्यांसमोर होती, भरलेली बॅग होती. आनंदीबाईंची सही आणि प्राजक्ताचं काम, कुणाला काय कळणार होतं? त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि कागदावर वाकल्या.

“आनंदीबाई,” मी म्हटलं, “कसली सही ती वाचलात?”

“तुमी सांगतास म्हणजे बरीच असतली,” त्या हसून म्हणाल्या.

ते हसणं मला बघवेना. या बाईला मी अकरा वर्षं एवढंच शिकवलं होतं. साठी उलटलेली अनुभवी बाई, नुसत्या वासावरून बॉयलरची वाफ ओळखणारी, आणि मी तिच्याकडून फक्त मान डोलावून घेतली होती. मी फॉर्म त्यांच्या हाताखालून ओढून घेतला. सही सुरू झाली होती, अ ला कानाही लागला होता. फॉर्मची घडी घातली. सावंतवाडीच्या कार्यालयात फोन लावला आणि सांगितलं की यंदा मला जमणार नाही, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. पलीकडच्या मॅडमनी कारण विचारलं. “घरची तयारी नाही,” मी म्हटलं. त्यांना वाटलं नवरा नको म्हणतोय. “समजू शकते,” त्या म्हणाल्या.

फोन मी टेबलावर आपटला. हे मोठेपणाने केलं असं कुणी समजू नये. मी चडफडत केलं.

पाच वाजता बायका निघाल्या. मी प्राजक्ताला थांबवलं आणि जुडगा पुढे केला. “उद्या युनिट तू उघड. गाऱ्हाणा तुमी घाला, तुमका हवा तसा. मी आठाक येतंय.”

तिनं जुडग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

“धाक येवा,” ती म्हणाली.

दहा! साडेचारला उठणाऱ्या बाईला दहा! माझ्या ओठांवर नऊ आलं होतं. मी ते गिळलं.

“बरा. धाक.”

तेव्हा तिनं चाव्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मी साडेचारलाच उठले, जन्माची सवय एका दिवसात जात नाही. सहाला तयार होऊन पडवीत बसले. सव्वासहाला उठून अंगण झाडलं. सातला पुन्हा झाडलं. आता बॉयलर पेटला असेल, पाणी कुणी बघितलं असेल, ट्रे भरल्या असतील का, फोन करू का, एकच, नुसता मिस्ड कॉल? दाजींनी माझा मोबाईल काही न बोलता उचलला आणि आपल्या खिशात टाकला. गोदामात निदान चार बोटांची फट तरी होती. घरात तीही नव्हती. नऊ वाजता माझ्याने राहवेना. मी चप्पल घालून निघाले आणि वीस मिनिटांत युनिटच्या वळणावर पोचले. धुराड्यातून धूर निघत होता. आतून आवाज येत होते, मोठमोठ्याने बोलण्याचे. कुणीतरी कुणाशी वाद घालत होतं, “नाय, आदी लहान निवडूया,” दुसरी म्हणत होती, “नाय, तसा नाय.” मग सगळ्याजणी हसल्या. मी आत असताना इथं इतकं मोठ्याने कुणी कधी बोललेलं मला आठवत नाही. पाय गेटकडे निघाले होते. मी ते वळवले आणि रस्त्यापलीकडच्या एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले.

साडेनऊची बांदा गाडी आली, थांबली आणि माझ्यासाठी दार उघडलं. मी हात हलवून पुढे जायला सांगितलं. गाडीतून उतरलेली वाडीतली परशुरामाची आई माझ्याकडे बघत उभी राहिली.

“अक्का, गाडी सोडलात? खंय जातास?”

“खंय नाय,” मी म्हटलं. “धा वाजाची वाट बगतंय.”